परदेशी रेकॉर्डींचा गठ्ठा घ्यावा का?



नाशिक जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांतून आता एखादा तरी मुलगा किंवा मुलगी परदेशी असते. समजा, अशाच एका मुलाचा गावच्या वाचनालयाला निरोप आला. तो राहतो तिकडे एक म्हातारा शौकीन वारला. त्याच्या तळघरात चार-पाच हजार ग्रामोफोन रेकॉर्डी निघाल्या. घर विकायचे आहे, मुलांना रेकॉर्डींचे काय करावे ते समजत नाही. म्हणून सगळा गठ्ठा एकदम, उचला आणि न्या अशा भावात द्यायला ती तयार आहेत. त्यात शे-दोनशे रेकॉर्डी हिंदुस्थानी आहेत, दोन-चारांवर बालगंधर्वांचे नाव दिसते. मुलगा विचारतो, "घेऊ का?"

आजचे बोलणे या दोन शब्दांच्या प्रश्नावर आहे.

एखादा धनिक आपल्या हौसेसाठी असा सौदा करील तर त्याचा खिसा आणि तो. पण वाचनालयाचा पैसा वर्गणीचा असतो, शाळेचा पैसा गावाचा असतो. त्यातून आणलेली वस्तू गावाच्या उपयोगी पडली पाहिजे. उलट, पैशाला भिऊन नाही म्हणावे, आणि त्या गठ्ठ्यात नेमके दुसरीकडे कुठेच न उरलेले एखादे गाणे असावे, असेही होऊ शकते. तेव्हा हो म्हणण्यापूर्वी आणि नाही म्हणण्यापूर्वीही थोडे समजून घेणे बरे.

पहिली गोष्ट, आपली गाणी परदेशी गेली कशी?

जुनी काळी रेकॉर्ड, जी मिनिटाला सुमारे ७८ फेरे फिरते, ती कशाची असते ठाऊक आहे का? लाखेची. बोर, पळस, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राहतो. त्याच्या अंगातून जो राळेसारखा रस स्रवतो ती लाख. आपल्याकडे बांगड्यांना लागते, सोनाराला दागिन्यात भरायला लागते, तीच ही. तिच्यात दगडाची वस्त्रगाळ पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू घालून, तो लगदा तापवून साच्यात दाबला की रेकॉर्ड तयार होते. ही लाख जगाला पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान. पण सुरुवातीची कित्येक वर्षे रेकॉर्डी मात्र इथे होत नव्हत्या.

ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गेसबर्ग नावाचा आपला तंत्रज्ञ १९०२ साली कलकत्त्याला धाडला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने तिथल्या गायिकांची गाणी टिपली, गौहरजान त्यांतलीच. टिपलेले साचे बोटीने जर्मनीतील हॅनोवर शहरी गेले, तिथल्या कारखान्यात रेकॉर्डी निघाल्या आणि पुन्हा बोटीने विकायला इकडे आल्या. म्हणजे गाणारी इथली, ऐकणारे इथले, लाखही इथली, आणि मधला सारा प्रवास सात समुद्रांपलीकडचा. १९०८ साली कलकत्त्याला सियालदा येथे कारखाना निघाला तेव्हा ही यातायात थांबली.

त्या काळच्या रेकॉर्डीत एक गंमत आढळते. गाणे संपता संपता गाणारी आपले नाव मोठ्याने सांगते. गौहरजान तर ते इंग्रजीत सांगते. आज आपल्याला ते ऐटीचे वाटते, पण त्यामागे व्यवहार होता. हॅनोवरच्या कामगाराला ना बंगाली कळे, ना हिंदी, ना मराठी. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा हे त्याला कळावे म्हणून ही युक्ती. पुढे अशी नावे सांगणे बंद झाले. पण जिथे ते ऐकू येते ती रेकॉर्ड बहुधा पहिल्या काही वर्षांतली, एवढी खूण आपल्याला मिळते.

कंपन्या परदेशी असल्यामुळे काही साचे आणि नमुन्याच्या प्रती तिकडेच राहिल्या. लंडनजवळ हेज येथे ग्रामोफोन कंपनीचा मोठा संग्रह झाला. ही एक वाट. दुसरी वाट आपल्या माणसांची. पूर्व आफ्रिका, इंग्लंड, त्रिनिदाद, फिजी, मॉरिशस, जिथे जिथे हिंदी माणूस पोटासाठी गेला तिथे त्याच्यामागून रेकॉर्डीही गेल्या. तिसरी वाट नोकरीनिमित्त इथे राहून गेलेल्या परदेशी लोकांची. आणि चौथी वाट जरा बोचणारी आहे. इथे घराघरांतून ग्रामोफोन माळ्यावर गेला, रेकॉर्डी भंगारवाल्याच्या तागडीत पडल्या, आणि मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी परदेशी शौकिनांनी त्या निवडून निवडून घेतल्या. आपण त्या वजनावर विकल्या, त्यांनी नावावर घेतल्या.

आपल्या संगीताच्या रेकॉर्डींच्या याद्याही पुष्कळशा बाहेरच्या माणसाने केल्या. मायकेल किनिअर हा ऑस्ट्रेलियाचा संशोधक. १८९९ ते १९०८ या काळातील पहिल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची त्याने एक-एक नंबर देऊन यादी केली आणि ते पुस्तक १९९४ साली छापले. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या रेकॉर्डींवरही त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणून परदेशी संग्राहक म्हणजे केवळ माल नेणारा, असे म्हणून चालणार नाही. त्यांतल्या काहींनी जपले, नोंदले, म्हणून आज आपल्याला शोधता तरी येते.

आता मोठ्या गठ्ठ्याकडे येऊ. गठ्ठा मोठा म्हणजे चांगला का?

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी पॉल मॉव्हिनी नावाचे रेकॉर्डींचे दुकानदार होते. विकता विकता त्यांनी प्रत्येक रेकॉर्डीची एक प्रत बाजूला ठेवली आणि त्यांचा संग्रह काही लाखांवर गेला. म्हातारपणी तो एकगठ्ठा विकायला काढला. २००८ साली लिलावात ३० लाख डॉलरांच्या वर बोली लागली; वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला; आणि तो सौदा फसला. बोलीच खरी नव्हती. शेवटी २०१३ साली ब्राझीलमधील साओ पावलो शहरच्या झीरो फ्रेइतास या बसधंद्यातल्या श्रीमंत गृहस्थाने तो संग्रह घेतला. या गृहस्थाने जगभरचे असे गठ्ठे विकत घेऊन मोठमोठ्या वखारी भरल्या आणि नोंदी करायला तरुण मुले कामाला लावली. विकत घेण्याचा वेग मोठा आणि नोंदण्याचा वेग लहान, अशी त्याची स्थिती झाली. लाखो रेकॉर्डी दारात येऊन पडल्या. आपल्याजवळ काय आहे हे मात्र मालकालाच ठाऊक नाही!

त्याच्यापाशी पैसा होता, वखार होती. आपल्या वाचनालयापाशी काय असते? एक खोली, दोन कपाटे, आणि संध्याकाळी दोन तास येणारा ग्रंथपाल. तेव्हा हिशेब मांडून पाहू. ७८ फेऱ्यांची दहा इंची रेकॉर्ड, पाकीट आणि बांधणी धरून, पाव किलोची समजा. पाच हजार रेकॉर्डी म्हणजे साडेबाराशे किलो झाल्या. लासलगावच्या बाजारात कांद्याची पन्नास किलोची पोती असतात ना, तशी पंचवीस पोती. आणि कांदा आपटला तर चालतो, ही आपटली की फुटते. एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे. दोन्ही बाजू धरून पाच हजार रेकॉर्डी नुसत्या एकदा ऐकायच्या म्हटल्या तरी पाचशे तास लागतात. रोज वीस रेकॉर्डी पुसून, नंबर वाचून वहीत उतरवल्या, तर अडीचशे दिवस. शाळेचे एक वर्ष त्यात जाईल. हे काम करणारा माणूस आधी मुक्रर करा, मग सौद्याचे बोला. माणूस नसेल तर गठ्ठा कितीही स्वस्त असला तरी महागच पडेल.

आता समजा, माणूस आहे. निवृत्त गुरुजी आहेत, गाण्याची आवड आहे, वेळ आहे. मग परदेशातल्या आपल्या मुलाला काय विचारायला सांगावे?

पहिले, यादी. "जुने भारतीय संगीत, अंदाजे दोनशे" ही यादी नव्हे. प्रत्येक रेकॉर्डीच्या मधल्या गोल कागदावर कंपनीचे नाव, गाणाऱ्याचे नाव, गाण्याचे पहिले शब्द आणि नंबर असतो. कागदाच्या बाहेर, गुळगुळीत काळ्या पट्टीत आणखी एक नंबर कोरलेला असतो. तो साच्याचा नंबर. कागदावरचा नंबर विक्रीचा, कोरलेला नंबर जन्माचा. एकच गाणे पुढे दुसऱ्या नंबराने पुन्हा निघालेले असते, कधी दुसऱ्या कंपनीच्या कागदाखालीही निघते. कोरलेल्या नंबरावरून ते ओळखता येते. शक्य तर प्रत्येक रेकॉर्डीचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागवावे. हल्ली खिशातल्या फोनवर ते होते.

दुसरे, स्थिती. तिकडचे व्यापारी रेकॉर्डीची स्थिती इंग्रजी अक्षरांनी सांगतात. ‘ई’ म्हणजे उत्तम, ‘व्ही’ म्हणजे बरी. ‘जी’ या अक्षराचा अर्थ ‘चांगली’ असा आहे खरा, पण त्या धंद्यात ‘चांगली’ म्हणजे बहुधा घासून गेलेली! शब्दाला भुलू नये. पोलादी सुई पुनःपुन्हा वापरली की ती खाच खरवडते. अशा रेकॉर्डीवर चकाकी जाऊन राखेसारखा रंग दिसतो आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. तडा असेल तर किती लांब, खाचेपर्यंत की कडेपुरता, हे विचारावे.

तिसरे, ती ७८ फेऱ्यांची लाखेची आहे की पुढच्या काळातली लवचीक? अमेरिकेत १९४८ साली ३३ फेऱ्यांची मोठी रेकॉर्ड निघाली, १९४९ साली ४५ फेऱ्यांची छोटी. त्या व्हिनाइलच्या असतात, सहसा फुटत नाहीत, आणि मोठीच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावते. त्यांची खाच बारीक असते. लाखेच्या रेकॉर्डीला तिच्या जाड खाचेजोगी वेगळी सुई लागते. एकाच सुईवर दोन्ही वाजवू गेलात तर आवाजही बिघडेल आणि रेकॉर्डही.

चौथे, कायदा. आपल्या देशाच्या आयात धोरणात जुन्या, वापरलेल्या मालावर निर्बंध आहेत. यंत्रसामग्री सोडून इतर जुना माल आणायला परवाना लागतो आणि वर जकातही बसते. मुलाने सुटीला येताना पेटीत चार रेकॉर्डी आणणे निराळे आणि जहाजातून पंचवीस पोत्यांचा माल मागवणे निराळे. हे काम करणाऱ्या जकात-दलालाला आधी विचारा. माल बंदरात अडकला की रोजचे जागाभाडे चढते, आणि स्वस्तातला सौदा तिथेच बुडतो.

पाचवे, बांधणी. रेकॉर्डी आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात. उभ्या, वीस-पंचवीसच्या जुड्या करून, मध्ये जाड पुठ्ठा घालून, खोक्यात खोके ठेवून त्या आल्या पाहिजेत.

हे पाच प्रश्न विचारल्यावर पुष्कळदा असे दिसेल की पाच हजारांतील आपल्या कामाच्या रेकॉर्डी तीसच आहेत. मग मालकाला विनंती करावी, बाकीचा गठ्ठा तुमच्याकडच्या कोणाला द्या, आम्हाला या तीस द्या. विकणारा सगळे एकदम द्यायला पाहतो, ते त्याच्या सोयीचे. आपली सोय आपण पाहावी.

आपल्या कामाच्या म्हणजे कोणत्या? नाशिकपुरते बोलू. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे कोठीतून आणि दरबारातून शाळेत आणले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचे होते. पुढे विनायकराव पटवर्धनांसारख्या वडिलांच्या शिष्यांनी त्यांना घडवले, आणि १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. एवढ्या थोड्या आयुष्यात गायलेले जेवढे टिपले गेले तेवढेच आपल्या हाती आहे. त्यांची एखादी जुनी रेकॉर्ड, किंवा नारायणराव व्यास, विनायकराव पटवर्धन या पलुसकर-परंपरेतल्या गायकांच्या रेकॉर्डी नाशिकच्या शाळेत असाव्यात हे रास्त आहे. तसेच नाटकातली पदे: बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर. त्याखेरीज पोवाडे, लावण्या, कीर्तने, विनोदी संवाद. मोठ्या गवयांच्या गाण्यांच्या नव्या प्रती निघतात; एखाद्या अनाम शाहिराच्या पोवाड्याची दुसरी प्रत निघत नाही. म्हणून शिक्षकांनो, यादी वाचताना ओळखीच्या नावांपाशीच थांबू नका. ज्याचे नाव तुम्ही कधी ऐकले नाही त्याच्याकडे अधिक लक्ष द्या.

आणि एक सावधगिरी. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली वारले, भास्करबुवा बखले १९२२ साली. या दोघांच्या रेकॉर्डी कंपन्यांनी कधी बाजारात आणल्या नाहीत. तेव्हा त्यांच्या नावाची ‘दुर्मिळ’ रेकॉर्ड कोणी देऊ लागला तर त्याला आधी नमस्कार करा आणि मग पाकीट खिशात घाला.

आता याहून मोठा प्रश्न. आपल्याला हवी ती तबकडी की तिच्यातले गाणे?

तबकडी जुनी वस्तू म्हणून मोलाची आहेच. पण गाव ऐकणार ते गाणे. आणि गाण्याची गंमत अशी की तबकडी एकाच ठिकाणी राहते, गाणे दहा ठिकाणी जाऊ शकते. ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने संगीताच्या संग्रहाचे एक केंद्र पुण्यात सुरू केले. पुढे ते दिल्लीकडे आणि नंतर गुडगावला गेले. परदेशी अभ्यासकांनी भारतात येऊन जी गाणी, जे विधी टिपून नेले होते, त्यांच्या प्रती भारतात परत आणून ठेवाव्यात, हा त्या केंद्राचा एक प्रमुख हेतू. मूळ फीत तिकडे राहिली तरी चालेल. ज्यांचे गाणे त्यांना ते इथे ऐकता आले पाहिजे.

उलट दिशेचेही उदाहरण मुंबईचेच आहे. ‘यंग इंडिया’ नावाच्या देशी रेकॉर्डी १९३५ पासून सुमारे वीस वर्षे मुंबईत वडाळ्याच्या कारखान्यात निघत. कंपनी बंद पडली आणि तिचा माल विखुरला. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या मंडळींनी, सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेचे साहाय्य घेऊन या रेकॉर्डींचे आवाज संगणकात उतरवले. तबकड्या इथे राहिल्या, आवाजाची प्रत लंडनला गेली. कोणी कोणाचे काही नेले नाही, दोघांचेही वाढले.

तेव्हा परदेशातल्या त्या म्हाताऱ्याच्या मुलांना आपल्या मुलाने असेही विचारून पाहावे, की रेकॉर्डी तुमच्या गावच्या विद्यापीठाला किंवा ग्रंथालयाला द्या आणि त्यांतल्या आमच्या गाण्यांच्या प्रती आम्हाला पाठवा. यात जकात नाही, फुटणे नाही, पंचवीस पोती नाहीत. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाले त्यानंतर साठ वर्षे चालतो. गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, हे ध्यानात ठेवावे आणि गाणे जाहीररीत्या वापरायचे झाल्यास चौकशी करावी.

शिक्षकांसाठी आणखी एक माहिती. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाला जोडून सरकारने १९१३ ते १९२९ या काळात देशातल्या भाषा आणि बोली ग्रामोफोनवर टिपून घेतल्या होत्या. ९७ भाषा-बोलींचे २४२ नमुने आहेत. त्यांत पुष्कळांनी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत सांगितली आहे. या जुन्या तबकड्यांतले आवाज आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस कसा बोलत होता हे वर्गातल्या मुलांना ऐकवायला एक पैसा लागत नाही. ते ऐकवल्यावर मुलांना म्हणावे, आता आपल्या आजीची अहिराणी, आपल्या आजोबांची कोकणा बोली तुम्ही टिपा.

परदेशच्या तळघराविषयी एवढे बोललो; आता आपल्या माळ्याविषयी बोलू. मला तर वाटते, परदेशी पत्र धाडण्यापूर्वी प्रत्येक गावाने आधी हे काम करावे.

रेकॉर्डी गावात कुठे असतील? वाड्यात, जिथे एकेकाळी कर्ण्याचा ग्रामोफोन होता तिथे, हे तर उघडच आहे. पण त्याहून मोठा साठा एका वेगळ्याच ठिकाणी असे. लग्नात, जत्रेत, गणपतीत लाउडस्पीकर लावणारा दुकानदार आठवा. पहाटेपासून त्याच्या कर्ण्यावर भक्तिगीते, मग सनई, मग सिनेमाची गाणी वाजत. तसाच तंबूतला सिनेमावाला; खेळ सुरू होण्यापूर्वी गाव गोळा व्हावा म्हणून तो रेकॉर्डी लावी. टेपची कॅसेट आली आणि या लोकांच्या पेट्या खोलीच्या कोपऱ्यात गेल्या. सिन्नर, येवला, कळवण, मनमाड, कुठल्याही बाजारगावी अशा जुन्या दुकानदाराच्या मुलाला विचारा. पेटी असेल, नाहीतर कोणाला दिली ते तरी कळेल. नाशिकला गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या पथाऱ्यांवरही नजर टाकावी.

रेकॉर्डींबरोबर कागदही मागावेत. कंपन्या नव्या रेकॉर्डींच्या छापील याद्या काढीत. त्यांत गाणाऱ्यांचे फोटो आणि नंबर असत. घरातल्या बायकांनी गाणी उतरवून घेतलेल्या वह्याही असत. लोक रेकॉर्ड ठेवतात आणि हे कागद बंबात घालतात. पण नंबरावरून साल शोधायचे झाले तर हेच कागद उपयोगी पडतात.

मिळालेली रेकॉर्ड कशी सांभाळावी, हेही थोडक्यात सांगतो. ती उभी ठेवा, पुस्तकासारखी. उन्हापासून आणि पत्र्याच्या छपराखालच्या उष्णतेपासून दूर ठेवा. लाख तापली की वाकते. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पावसाच्या भागात बुरशी चढते. पावसाळ्यानंतर प्रत्येक पाकीट उघडून वारे द्या. मऊ कोरड्या फडक्याने खाचेच्या दिशेने, गोल पुसा. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटात विरघळते, त्यातच तर सुतार पॉलिश करतो. गाणे पुसले जाईल. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजवायची तर प्रत्येक बाजूला नवी सुई घाला. आणि एकदा जाणत्या माणसाकडून तिचा आवाज उतरवून घ्या, मग ती कपाटात ठेवा. उतरवताना वेगही तपासा, कारण जुन्या साऱ्याच रेकॉर्डी बरोबर ७८ फेऱ्यांच्या नसतात. वेग वाढला की स्वर चढतो आणि पुरुषाचा आवाज पोरासारखा लागतो. गाणाऱ्याची पट्टी ठाऊक असणारा पेटीवाला शेजारी बसवला तर ही चूक टळते.

आणखी एक. आपल्याकडच्या रेकॉर्डी परदेशी गिऱ्हाइकाला विकण्याचा मोह झाला तर थांबा. ऐतिहासिक महत्त्वाच्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर धाडू नयेत असा १९७२ चा कायदा आहे. पहिल्या रेकॉर्डी आता त्या वयाच्या झाल्या. कोणती वस्तू त्यात मोडते हे पुरातत्त्व खाते ठरवते, त्यांना विचारावे.

तर मग, घेऊ का, या प्रश्नाला उत्तर काय?

नोंद करणारा माणूस असेल, प्रत्येक रेकॉर्डीची यादी हाती आली असेल, त्या यादीत आपल्या भागाची, आपल्या भाषेची, इतरत्र न मिळणारी गाणी असतील, आणि परवाना, जकात, वाहतूक यांचा आकडा आधी ठाऊक असेल, तर घ्यावे. आणि तेही निवडून घ्यावे. यांतले एकही नसेल तर प्रती मागवाव्यात. आणि दोन्ही जमत नसेल तर निदान परदेशातल्या त्या कुटुंबाला कळवावे की या तबकड्यांत अमुक अमुक गाणी आहेत, त्या फेकू नका, तुमच्याकडच्या ग्रंथालयात द्या. एवढ्या एका पत्रानेही एखादे गाणे वाचेल.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. या जिल्ह्याला पुस्तक जपण्याची सवय जुनी आहे. पुस्तकाला आपण दाखलनंबर देतो, कव्हर घालतो, कोणी नेले ते लिहून ठेवतो. आवाजाच्या बाबतीत ती सवय अजून लागायची आहे. येत्या सुटीत प्रत्येक शाळेने एक वही घालावी. गावातल्या घराघरात जाऊन मुलांनी विचारावे, तुमच्याकडे जुनी रेकॉर्ड आहे का? असेल तर मागून आणू नये. घरच्यांच्या देखत तिच्यावरचे नाव, नंबर आणि कंपनी उतरवून घ्यावी, आणि ती कोणी, केव्हा आणली, तेही आजोबांना विचारून लिहावे. दोन पाने भरली तरी पुरे. मग परदेशातून पत्र आले तर आपल्या यादीशेजारी त्यांची यादी ठेवून पाहता येईल, आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते.